अक्काची नारिंगी टाचणी

४ सप्टेंबर

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. हा नमस्कार तुझ्या प्लॅस्टरमधल्या डाव्या हातालाही सांग. सध्या आपल्या घराण्यात त्याच्याइतका मान कुणालाच नाही. ज्याच्या तोंडी बघावं त्याच्या तोंडी तोच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय तुझा आवाज ऐकला की जे सांगायचं ठरवलेलं असतं ते विसरून मी 'बरं, बरं' म्हणून मोकळा होतो. कागद मध्येच बोलत नाही, एवढाच त्याचा फायदा.

दुकान चाललं आहे. घड्याळं दुरुस्तीला आणणारे कमी झाले, सेल बदलून मागणारे वाढले. गेल्या आठवड्यात मात्र एकानं वडिलांचं मनगटी घड्याळ आणलं. आतली धूळ काढली, तेलाचा थेंब दिला आणि ते चालू लागलं, तेव्हा तो माणूस कानाशी धरून बराच वेळ उभा राहिला. अशा दिवशी वाटतं, देवानं आपल्याला बरा धंदा दिला. तुझी भावजय म्हणते, मी भिंग डोळ्याला अडकवूनच जेवायला बसतो. एकदाच बसलो होतो, पण तिला ते जन्मभर पुरेल.

आता मुद्द्याचं. परवा तुझ्या मुलाचा फोन आला होता. एरवी तो दोन मिनिटांत आटोपतो, त्या दिवशी आवाज जड होता. म्हणाला, मामा, आई तळ्याच्या काठावर पडली आणि जाळं टाकणारा माणूस तिकडे वळेपर्यंत तशीच चिखलात बसून होती. तिनं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही हसत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तर मला तिच्या औषधांच्या पिशवीतून कळलं. त्याचं म्हणणं असं, की तू आता त्याच्याकडे शहरात राहायला जावंस.

आणखी एक गोष्ट त्याला लागली आहे. तळ्यावरचे चतुर किडे बघणाऱ्या तुमच्या मंडळाचे ते दातांचे डॉक्टर त्याला म्हणाले, की तू हल्ली कुठलीशी नारिंगी टाचणी, म्हणजे माझ्या लेखी चतुरच, पाहिल्याचं सांगतेस आणि ती दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. डॉक्टर वाईट अर्थानं बोलले नसतील. पण मुलाच्या मनानं तेवढंच धरलं. आईला नाही ते दिसतं आणि आहे ते दिसत नाही, असं तो म्हणाला.

अक्का, देवाच्या कृपेनं हातावर निभावलं. दर वेळी निभावेलच असं नाही. तुझ्या सुनेचा स्वभाव चांगला आहे, दवाखाना त्यांच्या इमारतीसमोरच आहे. जा, असं मला वाटतं. रागावशील, पण मी सांगितलं नाही असं नको व्हायला.

लोभ कर, आणि रागही माझ्यावरच काढ, त्याच्यावर नको.

तुझा धाकटा


९ सप्टेंबर

चि. टिकटिक यास,

अनेक आशीर्वाद. प्लॅस्टरला नमस्कार पोचला. त्यानं उत्तर दिलं नाही, फार चढेल झालंय ते.

तुझं पत्र वाचलं. अक्षर तुझं आहे, बोलणं आमच्या चिरंजीव साहेबांचं. त्यांनी फोनवर सांगायचं, तू कागदावर उतरवायचं, आणि म्हातारीनं गाठोडं बांधायचं, असं ठरलेलं दिसतंय. म्हातारीला मात्र कुणी विचारलं नाही.

आधी पडण्याचं सांगते. मी पडले ते शेवाळलेल्या पायरीवरून. त्या पायरीवरून जाळंवाल्याचा तरणाताठा जावईही पडला होता. त्याला कुणी म्हटलं नाही, की आता तू मुलाकडे जाऊन राहा. आणि मी चिखलात बसून होते ते खरं, पण रडत नव्हते. समोर एक लाल चतुर वाळक्या काडीवर बसत होता, उडत होता, फिरून त्याच काडीवर येत होता. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून तो बघत बसले. इतका निवांत तो मला कधीच सापडला नव्हता.

मोतीबिंदू आहे, मान्य. तो काढतात. डोळ्यातून मोतीबिंदू काढायचा असतो, घरातून माणूस नाही.

आता नारिंगीचं. तुला चतुर आणि टाचणी एकच वाटतात हे मला माहीत आहे, म्हणून सांगते. चतुर दणकट; बसला तरी पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, आत्ता उठतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा. टाचणी नावाप्रमाणे बारीक, आणि बसली की बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे मोठे, बहुतेकांचे डोक्यावर एकमेकांना भिडलेले. टाचणीचे दोन डोळे दोन टोकांना, भांडलेल्या जावांसारखे. एवढं कळलं की निम्मं काम झालं. पुढचं निम्मं जन्मभर पुरतं.

आमच्या तळ्यावर निळ्या शेपटीची टाचणी सगळ्यात जास्त. नर हिरवट-काळा, आणि शेपटीच्या टोकाशी एकच निळा मणी, दिवा लावल्यासारखा. माद्या साध्या, मळकट हिरव्या. तिथेच, लव्हाळ्यात, मला तीनदा नारिंगी टाचणी दिसली. छाती नारिंगी, दोन्ही कडा नारिंगी, पाठीवरून काळी पट्टी. अशी एक जात पलीकडच्या मोठ्या दलदलीत आहे, पण आमच्याकडे कुणी नोंदलेली नाही. मी टाचण्यांचं पान लिहितेय आणि मंडळाची ओळखपुस्तिका छपाईला जायची आहे, म्हणून डॉक्टरांना सांगितलं. ते दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा भर दुपारी. त्यांना हिरव्याच दिसल्या. तेव्हा ते गोड हसून म्हणाले, की बाई, उन्हात हिरवं पिवळं दिसतं कधीकधी.

मी उभा जन्म शाळेचे गणवेश शिवले. एका शाळेचा निळा आणि दुसऱ्या शाळेचा निळा शेजारी ठेवले तर दुकानदार चुकायचा, मी चुकले नाही. मला हिरवं नारिंगी दिसतं म्हणे! दात बघणाऱ्यानं डोळ्यांबद्दल बोलू नये, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्याचं त्यांना हसू आलं. माणूस वाईट नाही, पण फोटो निघत नाही तोवर त्यांच्यासाठी जगात काही नसतं.

माझं मागणं एकच. तुझं ते डोळ्याला अडकवायचं भिंग घेऊन आठ दिवस इकडे ये. मला एका हातानं जाळी फिरवता येते, पण जाळीतून टाचणी काढायला दुसरा हात लागतो, तो गुंतलेला आहे. येताना साहेबांचा निरोप आणू नकोस. शहरात जायचं नाही. हे शेवटचं लिहिते, पुन्हा शाई वाया घालवणार नाही.

माया आहेच, ती काही प्लॅस्टरमध्ये घातलेली नाही.

तुझी अक्का


१३ सप्टेंबर

ती. मामांस,

सा. न. वि. वि. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. पण आई म्हणाली, की मामाला जे सांगायचं ते कागदावर सांग, म्हणजे तुला स्वतःलाही वाचता येईल. म्हणून लिहितो.

मामा, मला आईचं घर काढून घ्यायचं नाही. बाबा गेल्यावर ती त्या घरात एकटी राहिली, मागच्या खिडकीतून तळं बघत राहिली, तेव्हा मी काही म्हटलं नाही. तिला तो नाद लागला याचा मला आनंदच होता. ऑफिसात मी लोकांना कौतुकानं सांगायचो, की माझी आई पंखांच्या नसा बघून जाती ओळखते. पण ती पडली आणि तीन दिवस मला सांगितलं नाही. मी इथे रोज सकाळी फोन करून 'बरी आहेस ना' विचारत होतो, आणि ती मोडक्या हातानं फोन धरून 'मजेत' म्हणत होती. हे मला सहन होत नाही.

डॉक्टरांचं बोलणं मी मुद्दाम काढलं नव्हतं. ती कशी आहे, एवढंच विचारलं. ते कचरत म्हणाले, की हल्ली त्यांना जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही. यात मी काय समजायचं?

काल मी तिच्यापुढे एक गोष्ट ठेवली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर ती नारिंगी टाचणी मंडळाला पटली, तर मी वर्षभर विषय काढणार नाही. नाही पटली, तर तिनं गाडीत बसायचं. ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, घर पैजेवर लावायला मी जुगारी आहे का? आणि फोन ठेवला.

तिनं मान्य केलं नाही, पण मी येणार आहे. तुम्ही तिकडे जाणार असं कळलं. मामा, तुम्ही तिच्या बाजूनं बोलू नका आणि माझ्याही बाजूनं बोलू नका. तुम्ही बारकाईनं बघणारे आहात. जे दिसेल ते मला सांगा.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा विश्वास कमी करू नका.

तुमचा भाचा


२५ सप्टेंबर

चि. भाचेबुवांस,

अनेक आशीर्वाद. काल परत आलो. जे दिसेल ते सांगा म्हणालास, म्हणून आधी दिसलेलं सांगतो, मग मनातलं.

तुझी आई बरी आहे. घर स्वच्छ, स्वयंपाक एका हाताचा पण दोन माणसांना पुरेसा, तोंड दोन्ही हातांचं काम करतं. मी पोचलो तेव्हा तिनं चहाआधी मला जाळी दाखवली. जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची, तिनंच शिवलेली, शिवण अशी की उसवायला तीच लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. सकाळी गारव्यात टाचण्यांना उडायचा आळस असतो, म्हणून ती वेळ. मी लव्हाळ्यात वाकून बघत होतो आणि मला गवताशिवाय काही दिसत नव्हतं. ती पाठीमागून शांतपणे सांगत होती, की गवत बघू नकोस, गवतात जे गवतासारखं हलत नाही ते बघ. आणि मग दिसली. नारिंगी, बाबा. भिजल्या विटेसारखी नाही, हळदीसारखी नाही, स्वच्छ नारिंगी. तुझ्या आईनं जाळी फिरवली आणि मी हात घातला.

मिटलेले चारही पंख दोन बोटांत धरायचे, म्हणजे तिला इजा होत नाही. घड्याळातली केसासारखी स्प्रिंग मी रोज उचलतो, पण तिला जीव नसतो. ही बोटांत श्वास घेत होती. भिंगातून पोटाचे मणी वरखाली होताना दिसत होते. मी देवदेव बोलून दाखवणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. पण तिथे चिखलात उभ्यानं मला वाटलं, की आपण ज्याला कारागिरी म्हणतो ती फार जाडीभरडी आहे.

मग अक्कानं एक काम सांगितलं. अशा कितीएक आहेत की वाऱ्यानं आलेली एकच पुन्हापुन्हा दिसते, हे तिला कळायला हवं होतं. म्हणून तबकडीवरचे आकडे दुरुस्त करायची माझी बारीक कुंचली आणि काळा रंग घेऊन मी पंखाच्या टोकाशी एक ठिपका दिला. ती सांगेल त्या पंखावर, ती सांगेल त्या जागी, म्हणजे प्रत्येकीची खूण वेगळी. आठवडाभरात आम्ही थोड्या नारिंगी खुणावल्या आणि सोडल्या. फोटो काढले. शनिवारी डॉक्टर आले, या खेपेला सकाळी, आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ते लहान मुलासारखे हरखले. पुस्तिकेत टाचण्यांच्या पानावर आमच्या तळ्याची नवी नोंद म्हणून नारिंगीला जागा देतो म्हणाले. तुझ्या आईचं नावही छापणार आहेत. त्यांनी तिची माफी मागितली. तिनं ती घेतली, पण लगेच त्यांना पंखांच्या नसांवरून एक प्रश्न विचारून गप्प केलं.

तेव्हा भाचेबुवा, तुझ्या आईचे डोळे ठीक आहेत. डावा धूसर आहे, त्यावर उपाय आहे. मी जाताना तुझ्या बाजूचा होतो, येताना नव्हतो. तिला तिथून हलवणं म्हणजे चालू घड्याळ बंद करून कपाटात जपून ठेवणं. तू घातलेली अट पुरी झाली. आता रविवारी ये तो आईला भेटायला ये.

तुझ्या घरातल्या सगळ्यांवर देवाची नजर असो. माझ्यावर तुझी.

तुझा मामा


१ ऑक्टोबर

चि. टिकटिक यास,

अनेक आशीर्वाद. आज तुला एक गंमत सांगायची आहे. खुर्चीत बसून वाच.

आज सकाळी प्लॅस्टर निघाल्यानंतर पहिल्यांदा एकटी तळ्यावर गेले. हात अजून लाकडासारखा आहे, पण माझा आहे. लव्हाळ्यात एक मळकट हिरवी मादी बसली होती, निळ्या शेपटीवाल्यांची, नेहमीची. मी पुढे जाणार होते. तिनं पंख किंचित उघडून मिटले आणि टोकाशी काहीतरी काळं दिसलं. वाटलं, माती असेल. जाळीत घेतली, तू ठेवून गेलास ते भिंग लावलं.

ठिपका होता. उजव्या मागच्या पंखावर, तुझ्या हातचा, किंचित तिरका. तू तो देताना मीच तुला म्हटलं होतं, की आकड्यावर असा दिलास तर गिऱ्हाईक घड्याळ परत आणेल. ती खूण आपण एकीलाच दिली होती. आणि ती नारिंगी होती, तू आणि मी दोघांनी पाहिली, डॉक्टरांनी फोटो काढला. आज मीही तिचा फोटो काढला आणि मगच तिला सोडलं.

कळलं का काय झालं? ती दुसरी जात नव्हतीच. निळ्या शेपटीवाल्यांच्या काही माद्या कोवळ्या वयात नारिंगी असतात, आणि दिवस जातील तसा तो रंग उतरून हिरवा होतो. मी हे वाचलेलं होतं, धाकट्या! कुठल्या तरी पुस्तकाच्या तळटिपेत वाचलं आणि विसरले. पाठीवरची काळी पट्टी दोघींनाही असते, तिनं मला आणखी फसवलं. आमच्यासारख्यांचा हाच रोग. समोर साधी पोर बसलेली असताना आम्हाला दूरदेशची राणी दिसते.

मी तिथेच पायरीवर बसून हसले. मग जरा रडले. मग पुन्हा हसले, कारण रंग मला बरोबर दिसला होता. नारिंगी होती ती नारिंगीच होती. मी तिला नाव चुकीचं दिलं.

पुस्तिकेची पानं जुळून तयार आहेत. उद्या डॉक्टरांना लिहून कळवते. साहेबांनाही कळवते, कारण तू त्यांना मोठ्या तोऱ्यात नवी नोंद म्हणून कळवलंस.

मायेनं जवळ घेते, दोन्ही हातांनी, आता येतं.

तुझी अक्का


४ ऑक्टोबर

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चुकून दुसऱ्याचं घड्याळ दिलं. तो दारापर्यंत जाऊन परत आला म्हणून बरं.

अक्का, तुझ्या पाया पडतो, आत्ता काही लिहू नकोस. रविवारी तो गाडी घेऊन येतोय. त्यानं काय ठरवून ठेवलंय ते तुला माहीत आहे. आज त्याच्या मनात तुझे डोळे धड आहेत. तू आपणहून त्याच्या हातात हे देशील, तर तो म्हणेल, की बघा, डॉक्टर पहिल्यांदा बोलले तेच खरं होतं. तो येऊन जाऊ दे. सोमवारी डॉक्टरांना सांग. छपाई चार दिवस थांबली तर आकाश कोसळत नाही. यात खोटं बोलणं कुठे आहे? नुसतं गप्प राहायचं आहे.

टाचणीला काय, तिला लोक कुठल्याही नावानं हाका मारोत, ती आपली लव्हाळ्यात बसणारच. तुला मात्र घर सोडावं लागेल.

खरं सांगायचं तर हे पत्र लिहिण्याआधी रोजच्यासारखा देवापुढे बसणार होतो. बसलो असतो तर लिहिता आलं नसतं, म्हणून न बसताच लिहितोय. यावरून मला काय वाटतंय ते तू ओळखशील. तरीही माझं ऐक.

लोभ असू दे. या वेळी माझी त्याला थोडीही लायकी नाही.

तुझा धाकटा


१० ऑक्टोबर

चि. टिकटिक यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं तेव्हा माझी दोन्ही पत्रं टपालात पडली होती. पण खोटं समाधान देत नाही: तुझं आधी आलं असतं तरी मी लिहिलंच असतं. टाचणी कुठल्याही नावानं बसेल, हे खरं. पण ती पुस्तिका घेऊन एखादी मुलगी त्या काठावर येईल, नारिंगी पोर बघेल आणि माझ्या नावाच्या आधारानं चुकेल. मग ती दुसरीला सांगेल. माझं घर वाचवायला मी त्या मुलीला फसवू?

आणि मला एक सांग. चूक झाली म्हणून माणसानं घर सोडायचं असेल, तर सगळ्यांत आधी कोण निघणार आहे? दातवाले डॉक्टर निघतील का? तू निघशील का, दुसऱ्याचं घड्याळ देऊन बसणारा? सगळी गल्ली रिकामी होईल, टिकटिक. मग टाचण्या बघायला मी एकटी उरले तरी चालेल.

आता रविवारचं ऐक. साहेब सकाळीच आले. गाडीच्या मागच्या सीटवर गादी, उशी, पाण्याची बाटली, सगळी जय्यत तयारी. माझं पत्र त्यांच्या खिशात होतं. घरात शिरताना त्यांनी छताकडे बघितलं, जणू घरमालक आहेत आणि भाडेकरू निघणार आहे. मी चहा ठेवला आणि सांगून टाकलं, की तुझी अट मी कधी मानली नव्हती; ती मी जिंकल्यावरही मानली नाही, मग हरल्यावर कशाला मानू? ते म्हणाले, की अटीचा प्रश्नच नाही आई, प्रश्न तुझ्या जिवाचा आहे. मी म्हटलं, जीव माझा आहे, प्रश्न तुझा आहे.

आमचं असं तापत असताना डॉक्टर आले. त्यांनाही माझं पत्र मिळालेलं. बिचारे दारातच उभं राहून हळू आवाजात म्हणाले, की बाई, मनाला लावून घेऊ नका. ते पान मी काढून टाकतो. तुमचं नावही काढतो. कुणाला काही कळणार नाही. या वयात असं होणारच, आम्ही समजून घेतो.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी साहेब उठले. धाकट्या, मी त्यांना शाळेत असताना एकदाच इतकं चिडलेलं पाहिलं होतं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, की वयाचा काय संबंध? तुम्हीही त्या शनिवारी नवी जात म्हणूनच फोटो काढलात ना? तुमचं वय काय? मग म्हणाले, की माझी आई चुकली आणि ती चूक तिनंच शोधून काढली, पंखावर ठिपका देऊन, भिंग लावून. तुम्हाला ती आयुष्यात सापडली नसती. तेव्हा आई चुकली तर चुकली म्हणून छापा. नाव काढायचं नाही. आईवर कुणी दया दाखवलेली मला चालणार नाही.

एवढं बोलून साहेब एकदम थांबले. आपण आत्ता काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते खाली बसले आणि थंड झालेला चहा एका घोटात प्यायले.

डॉक्टर मोठ्या मनाचे निघाले. म्हणाले, तुमचं बरोबर आहे, त्यात माझंही नाव घाला. मग आम्ही तिघांनी टेबलाशी बसून मजकूर केला. दोन फोटो शेजारीशेजारी छापायचे, एकात ती नारिंगी, एकात हिरवी, आणि दोन्हीत पंखावर तोच तिरका ठिपका. खाली वाक्य असं: या दोन वेगळ्या जाती नाहीत, ही एकच मादी आहे, आधी कोवळी, मग जाणती, हे पान लिहिणारी बाई आणि फोटो काढणारे डॉक्टर दोघंही हिला पाहून फसले होते, तुम्ही फसू नका. 'जाणती' हा शब्द साहेबांचा. मी 'म्हातारी' सुचवला होता, त्यांनी खोडला.

दुपारी ते मला तळ्यावर घेऊन चल म्हणाले. शेवाळलेली पायरी मी दाखवली. त्यांनी वाकून बघितली, पायानं दाबून बघितली आणि मग जाळंवाल्याला गाठून तिथे खरबरीत फरशी बसवायचं ठरवून आले. मी म्हटलं, हे आधीच सुचलं असतं तर एवढा पत्रव्यवहार वाचला असता. त्यावर ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, की आई, एक कबूल कर. पडलीस, दुखलं, ताप आला, तर त्याच दिवशी सांगायचं. मजेत म्हणायचं नाही. मी हे लगेच कबूल केलं, धाकट्या. तेवढी एक चूक माझी होती आणि तिला टाचणीचं निमित्त नव्हतं.

निघताना त्यांनी शेवटचं विचारलं, येतेस का. मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली, जशी माणसं ठाऊक असलेलं उत्तर ऐकल्यावर हलवतात. गादी आणि उशी मात्र परत नेली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथल्याच दवाखान्यात करायचं, आणि त्या आठवड्यात ते रजा घेऊन माझ्याकडे येऊन राहणार आहेत. त्यासाठी ती त्यांनी स्वतःलाच ठेवली. आल्यावर मला उपदेश करायचा नाही आणि माझ्या डब्यांच्या जागा बदलायच्या नाहीत, एवढ्या माझ्या अटी. या अटी मात्र मान्य करून घेतल्या.

तू देवापुढे न बसता पत्र लिहिलंस, त्याबद्दल आता तरी जाऊन बस. माझी काळजी करायची तर खुशाल कर, मला ती आवडते. पण माझ्यासाठी कधी गप्प राहू नकोस. आणि हात मोकळा झाला तरी ये. तुझ्या कुंचलीचं इथे अजून बरंच काम आहे.

लोभ हवा तेवढा वाढव, ठेवायला घर आहे. पत्ता तोच.

तुझी अक्का